नाथसागराच्या तळाचा नकाशा

(दृश्य : पैठण. धरणाची भिंत, मागे पाणी)

पैठणचं जायकवाडी धरण. 27 दरवाजे, सुमारे 10 किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्यामागे नजर पोचेल तिथवर नाथसागर. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं.

या पाण्याखालची जमीन कशी होती, हे अवकाशातल्या रडारला विचारून उपयोग नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एन्डेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची रडारने टिपली. पण रडार पाण्यावरूनच माघारी फिरतं. त्या डेटात नाथसागर म्हणजे नुसता सपाट पत्रा. भारतीय सर्वेक्षण विभागाचं नवं नकाशाचं शीट आता घरबसल्या उतरवून घेता येतं. त्यातही इथे निळा रंग आहे, आणि त्या निळ्याखाली उंचीच्या रेषा नाहीत.

(दृश्य : टेबलावर उलगडलेलं जुनं शीट)

रेषा आहेत त्या इथे. टोपोशीट क्रमांक 47 एम/7, एका इंचाला एक मैल, धरणाच्या आधीचं. भूगोलाच्या एका निवृत्त सरांनी जपून ठेवलेलं. पिवळा रंग शेतीचा. कोरडे ओढे काळ्या रेघांनी काढलेत. आणि तपकिरी रेषा म्हणजे कंटूर, शाळेच्या पुस्तकातल्या समोच्चरेषा. दर 50 फुटांना एक. 1500 लिहिलेली ही रेषा बघा. धरणाची पूर्ण पातळी 1522 फूट. म्हणजे तलाव तुडुंब भरला की ही रेषा 22 फूट पाण्यात असते.

घडीवर कागद विरलाय. आणि घडी नेमकी गोदावरीच्या पात्रावरून गेलीय!

(दृश्य : स्कॅनर, मग कॉम्प्युटरचा पडदा)

शीट 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके घेऊन स्कॅन होतं. मैलाचे 300 ठिपके, म्हणजे एक ठिपका साधारण साडेपाच मीटरचा. मग ते पृथ्वीवर जागच्या जागी बसवायचं. शीट 15 मिनिटं बाय 15 मिनिटं, दर 5 मिनिटांना अक्षांश-रेखांश छेदतात; असे 16 छेद मिळतात. प्रत्येकावर क्लिक करून आकडे भरायचे. जुनं मोजमाप एव्हरेस्ट नावाच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या मानलेल्या आकारावर केलेलं, आजचं जीपीएस वेगळ्या. हा फरक सांगितला नाही, तर अख्खा नकाशा शंभर मीटरहून जास्त सरकतो आणि नदी काठावर चढून बसते.

मग गिरवणं. तपकिरी रंग वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण पिवळ्यावरचा फिका तपकिरी त्यांना धड दिसत नाही. आकडा लिहिलाय तिथे रेषा तुटते, घडीवर तर गायबच होते. शेवटी माउस हातात घ्यावाच लागतो.

"सर, ही साडेचौदाशेची की पंधराशेची?"

"अगं, आधी ओढा कुठून कुठे जातोय ते बघ."

ओढा ओलांडताना कंटूरचं टोक उगमाकडे वळतं. चढ कुठला, उतार कुठला हे त्यावरून कळतं आणि शेजारच्या आकड्यावरून रेषा ठरते. रेषेला उंची द्यायची : 1500 गुणिले 0.3048, म्हणजे 457.2 मीटर. एक आकडा चुकला, तर नदीच्या मधोमध भिंत उभी राहते.

खरी गोम पुढे आहे. बालाघाटाच्या उतारावर कंटूर दाटीने येतात. गोदाकाठ सपाट, दोन रेषांमध्ये शेतंच शेतं. मधली उंची कॉम्प्युटरने अंदाजायची. कंटूरवरचे बिंदू नुसते त्रिकोणांनी जोडले, की कित्येकदा तिन्ही टोकं एकाच कंटूरवर पडतात आणि जमिनीला पायऱ्या होतात. म्हणून नकाशावरचा प्रत्येक उंचीबिंदू, म्हणजे उंचीचा आकडा लिहिलेला ठिपका, घ्यायचा. नदीकाठी एक आकडा आणि पुढे बारीक 'आर' अक्षर दिसतंय? ती काठाची पात्रापासूनची उंची. तीही घ्यायची. ओढेसुद्धा वाहत्या दिशेने द्यायचे. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल हचिन्सन यांनी 1989 मध्ये मांडलेली पद्धत हे सगळं एकत्र विचारात घेते. पाणी उताराने वाहिलंच पाहिजे, अशी तिची अट.

(दृश्य : पडद्यावर रंगीत उंचसखल, गोदावरीचं वळण)

हा तो तळ. नावेतून मोजलेल्या आजच्या तळातून हा वजा केला की गाळाचा अंदाज येतो. 50 फुटांच्या रेषांवरून वीतभर गाळ मोजता येणार नाही, हेही खरं. उठलेल्या गावांची गावठाणं यातच आहेत.

पश्चिमेचं शीट, 47 एम/3, अजून मिळालेलं नाही. तलाव तिकडेच पसरलाय. कुणाच्या ट्रंकेत, कपाटावर धरणाआधीचं इंची शीट असेल, तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सैल गुंडाळी करून ठेवा आणि आम्हाला कळवा. स्कॅन करून शीट तुमचं तुम्हाला परत देऊ.