‘कसं’ लिहिणारा दुसराच कोणी असतो

स्प्रेडशीटच्या एका चौकटीत आपण ‘सी१ ते सी९ची बेरीज’ लिहितो आणि विसरून जातो. सी४ बदलली की बेरीज बदलते. आधी कोणती चौकट मोजायची आणि नंतर कोणती, हे आपण कुठेही लिहिलेलं नसतं. स्वतःला प्रोग्रामर न म्हणवणारी माणसंही अशी रोज डिक्लेरेटिव्ह, म्हणजे ‘काय हवं’ तेवढंच सांगणारी, भाषा वापरतात. १९७९ साली व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं तेव्हा हे इतकं सुखाचं नव्हतं. मोजणी ओळींच्या क्रमाने करायची की स्तंभांच्या, हे वापरणाऱ्यालाच निवडावं लागे. एखादं सूत्र अजून न मोजलेल्या पुढच्या चौकटीवर अवलंबून असेल तर पहिल्या फेरीत शिळा आकडा मिळे आणि मोजणी पुन्हा करावी लागे. कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहून क्रम स्वतः लावण्याचं काम १९८३च्या लोटस १-२-३ने अंगावर घेतलं.

आज मला बोलायचं आहे ते या अंगावर घेण्याबद्दलच. ‘काय हवं’ एवढंच आपण सांगितलं म्हणून ‘कसं करायचं’ हा प्रश्न नाहीसा होत नाही. त्याचं उत्तर डेटाबेसमधून माहिती कशी काढायची ते ठरवणारा प्लॅनर, फाइली बिल्ड करणारं मेक, सर्व्हर उभारणारं टेराफॉर्म किंवा अटी सोडवणारा सॉल्व्हर लिहितो. या भाषा कामात वापरायच्या तर त्याने काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे. बहुतेक शिकवण्या इथपर्यंत पोहोचतच नाहीत.

सुरुवात डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या एसक्यूएल या भाषेपासून करू. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची कल्पना, मांडलं १९७० मध्ये. त्यावर आधारलेली ही भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ साली मांडली. तुम्ही दहा टेबलं जोडणारी क्वेरी लिहिता. एकामागून एक जोडत जायचं म्हटलं तरी दहा टेबलांचे ३६,२८,८०० क्रम होतात. त्यातला कोणता स्वस्त, हे प्लॅनर अंदाजाने ठरवतो आणि हा अंदाज चुकतो तिथे क्वेरी रखडते.

एक अंदाज जवळून पाहू. ग्राहकांच्या टेबलात १ कोटी ओळी आहेत. अट अशी: शहर अमुक आणि पोस्टल कोड तमुक. शहराची अट शंभरात एक ओळ निवडते, पोस्टल कोडची हजारात एक. पोस्टग्रेस या डेटाबेसचा प्लॅनर दोन्ही अटी एकमेकींशी संबंध नसलेल्या समजतो आणि गुणाकार करतो: लाखात एक, म्हणजे १०० ओळी. पण तो पोस्टल कोड त्याच शहरातला असतो. शहराच्या अटीने काहीच गळत नाही आणि खऱ्या ओळी निघतात १०,०००. शंभर ओळी समजून त्याने नेस्टेड लूप निवडलेला असतो, म्हणजे प्रत्येक ओळीमागे दुसऱ्या टेबलात एक शोध. शंभर शोध स्वस्त असतात, दहा हजार नसतात. पुढे तिसरं, चौथं टेबल असेल तर चूक गुणत जाते.

हे पकडायचं कसं? क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लावा. प्रत्येक टप्प्यावर अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारीशेजारी दिसतात. एकूण वेळेकडे लगेच बघू नका. दोन आकड्यांत पहिल्यांदा दहापट, शंभरपट फरक कुठे पडतो ते आतल्या टप्प्यापासून बाहेर येत शोधा. एक खाचखळगा आहे: टप्पा लूपमध्ये असेल तर प्रत्यक्ष ओळींचा आकडा एका फेरीची सरासरी असतो, त्याला फेऱ्यांच्या संख्येने गुणायचं. आणि हे लक्षात असू द्या की ‘ॲनालाइझ’ लावलं की क्वेरी खरोखर चालते. डिलीट असेल तर ओळी खरोखर जातात. म्हणून ते ट्रान्झॅक्शन उघडून आत चालवायचं आणि रोलबॅक करायचं, म्हणजे बदल रद्द होतात.

वरच्या उदाहरणाला औषध आहे. पोस्टग्रेस १० पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने शहर आणि पोस्टल कोड एकमेकांवर अवलंबून आहेत हे सांगता येतं. त्यानंतर त्या टेबलावर ॲनालाइझ (आकडेवारी गोळा करणारी वेगळी आज्ञा, वरचं ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ नव्हे) चालवायला मात्र विसरायचं नाही. दुसरं नेहमीचं दुखणं शिळ्या आकडेवारीचं. ऑटोव्हॅक्यूम हा पोस्टग्रेसचा मागे चालू असणारा भाग स्वतःहून आकडेवारी ताजी करतो, पण मूळ सेटिंगमध्ये ५० ओळी अधिक टेबलाच्या १० टक्के ओळी बदलल्यावरच. १ कोटीच्या टेबलात म्हणजे सुमारे १० लाख ओळी बदलेपर्यंत प्लॅनर जुन्या जगात राहतो. मोठी भर घालणाऱ्या प्रत्येक जॉबच्या शेवटी ॲनालाइझ स्वतः चालवा.

काही चुका वेगाच्या नसतात, अर्थाच्या असतात आणि त्या जास्त वाईट, कारण कुठेही एरर येत नाही. ‘ज्यांची एकही ऑर्डर नाही असे ग्राहक’ काढायला लोक ‘नॉट इन’ लिहितात. ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांक नल, म्हणजे रिकामा, असलेली एकच ओळ असली तरी उत्तर शून्य ओळी. का? नलशी तुलना केली की उत्तर खरं नाही, खोटं नाही, ‘अज्ञात’ येतं. आणि अज्ञात आलं की पूर्ण अट कधीच खरी ठरत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं की हा सापळा टळतो. क्रमाचंही तसंच. ‘ऑर्डर बाय’ नसेल तर क्रमाची हमी नाही, मग वर्षभर तो नीट दिसत आलेला असला तरी. प्लॅन बदलला की क्रमही बदलतो. आणि तारखेवर क्रम लावून पानं पाडत असाल तर एकाच तारखेच्या ओळी दोन पानांवर येतात किंवा मधल्या मध्ये गायब होतात. ‘ऑर्डर बाय’च्या शेवटी प्रायमरी की (प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख) जोडा, प्रश्न मिटला.

तारखांचंच आणखी एक. महिन्याच्या नोंदी काढताना कॉलमवर फंक्शन लावून ‘महिना बरोबर ३’ लिहिलं तर तारखेवरचा साधा इंडेक्स (शोध लवकर लावणारी सूची) उपयोगी पडत नाही. ‘बिट्वीन’ने १ ते ३१ लिहिलं आणि कॉलममध्ये वेळही असेल, तर ३१ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचा अख्खा दिवस गळतो. १ मार्च किंवा त्यानंतर आणि १ एप्रिलच्या आधी, अशी अट लिहा.

मेकबद्दल थोडक्यात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे तुम्ही सांगता. काय शिळं झालंय हे मेक फाइलींच्या वेळा पाहून ठरवतं. सगळा जोर या अवलंबनाच्या यादीवर आहे. यादीत एक हेडर (इतर फाइली आत ओढून घेतात ती फाइल) राहिलं तर ते बदलूनही आधी कंपाइल झालेली जुनीच ऑब्जेक्ट फाइल वापरली जाते, आणि मग ‘सगळं पुसून पुन्हा बिल्ड करा’ हा टोटका सुरू होतो. एकामागून एक कामं होत असताना चुकलेली यादी योगायोगाने चालून जाते. मेकला ‘जे ८’ पर्याय देऊन आठ कामं एकदम सुरू केली की फुटते. तेव्हा दोष ‘जे’ला देऊ नका, त्याने फक्त यादीतलं भोक दाखवलं. सी आणि सी++मध्ये ही यादी हाताने लिहूच नये, जीसीसी या कंपायलरला ‘एमएमडी’ पर्याय दिला की तो स्वतः काढून देतो. आणि काय चालणार आहे ते आधी पाहायला मेकचा ‘एन’ पर्याय आहेच.

आता टेराफॉर्म. इथे चूक झाली तर चालू सर्व्हर पुसला जातो. तुम्ही हवी ती स्थिती लिहिता. टेराफॉर्म स्वतःच्या स्टेट फाइलमधली नोंद आणि प्रत्यक्षातली स्थिती यांच्याशी ती ताडून फरक काढतं. समजा अ, ब, क या तीन नावांची यादी आहे आणि ‘काउंट’ वापरून तीन सर्व्हर बनवले आहेत. टेराफॉर्मच्या लेखी त्यांची ओळख आहे ०, १ आणि २. अ नको झाला म्हणून तुम्ही यादीतून अ काढलात. तुमच्या मनात एक सर्व्हर जायचा आहे. टेराफॉर्मला दिसतं ते असं: ०चं नाव अ होतं, आता ब हवं, १चं ब होतं, आता क हवं, २ तर उरलाच नाही. नाव बदलण्यासाठी सर्व्हर नव्याने बनवावा लागत असेल, तर ० आणि १ पाडून पुन्हा उभे राहतात आणि २ पाडला जातो. म्हणजे तुमचे तिन्ही जुने सर्व्हर गेले! यात टेराफॉर्मचं काही चुकलेलं नाही. ओळख म्हणून आपणच रांगेतला नंबर दिला होता. ‘फॉर ईच’ने नावालाच ओळख करा, मग अ काढला की फक्त अ जातो.

हे सगळं ‘प्लॅन’मध्ये आधी लिहून येतं. शेवटच्या ओळीत किती बनतील, किती बदलतील, किती पाडले जातील हे आकडे असतात. पाडण्याचा आकडा तुमच्या मनातल्या आकड्याशी जुळत नसेल तर तिथेच थांबायचं. प्लॅन फाइलमध्ये साठवा आणि तीच फाइल अप्लाय करा, म्हणजे वाचलं एक आणि चाललं भलतंच असं होत नाही. डेटाबेससारख्या जिन्नसांना ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लावा. कोडमध्ये नुसतं नाव बदलायचं असेल तर आवृत्ती १.१ पासून ‘मूव्ह्ड’ ब्लॉक मिळतो. तो न लिहिता नाव बदललं तर तेही पाडा-बांधाच.

अनेक सर्व्हरांवर प्रोग्राम चालते ठेवणाऱ्या कुबरनेटीसमध्येही मूळ विचार हाच, पण ताडून पाहणं तिथे अखंड चालू असतं. म्हणून तिथला घोळ वेगळा: एकाच गोष्टीबद्दल दोघांनी दोन घोषणा करणं. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे हवी ती स्थिती लिहिलेल्या फाइलमध्ये, लिहिलंय रेप्लिका (प्रोग्रामच्या चालू प्रती) ३, गर्दीप्रमाणे त्या कमी-जास्त करणाऱ्या ऑटोस्केलरने वाढवून केल्या ८. पुढचा डिप्लॉय झाला की पुन्हा ३, आणि तेही नेमकं गर्दीच्या वेळी. ऑटोस्केलर असेल तर मॅनिफेस्टमधून रेप्लिकाची ओळच काढा. जाता जाता सांगतो, मॅनिफेस्ट ज्यात लिहितात त्या यॅमलच्या साच्यांत इफ आणि लूप लिहायची वेळ आली की आपण एक वाईट प्रोग्रामिंग भाषा बनवायला घेतली आहे असं समजावं.

शेवटी कन्स्ट्रेंट प्रोग्रामिंग, म्हणजे फक्त अटी सांगून उत्तर शोधायला लावणं. माझ्या मते व्यवहारात सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात जास्त वापरायला हवी अशी ही गोष्ट. ड्यूटीचा तक्ता घ्या: ८ माणसं, ७ दिवस, ३ पाळ्या. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक दिवसाला चार शक्यता, तीन पाळ्या किंवा सुट्टी. चल राशी ५६, शक्यता ४चा ५६वा घात, म्हणजे ३४ अंकी संख्या. मिनिझिंक या अशा अटींच्या भाषेत तुम्ही फक्त अटी लिहिता: प्रत्येक पाळीला किमान २ माणसं, कोणालाही आठवड्यात ५पेक्षा जास्त दिवस नाहीत, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नाही. मग ते मॉडेल गेकोड, चफ्ड किंवा ओआर-टूल्स यांतल्या कोणत्याही सॉल्व्हरला देता येतं.

आणि उत्तर येतं: ‘अनसॅटिस्फायेबल’. एवढंच. कोणती अट आडवी आली ते नाही. इथे कागद-पेन्सिल घ्या. दिवसाला ३ पाळ्या गुणिले २ माणसं म्हणजे ६. आठवड्याला ४२ ड्यूट्या. माणसं ८ गुणिले ५ दिवस, ४०. दोन ड्यूट्या कमीच पडतात. नुसत्या सुट्या अटी दिल्या तर हे कळायला सॉल्व्हरला फार वेळ लागू शकतो, कारण तो एकेक वाटप करून आपटत राहतो. बेरजेचा हिशेब त्याच्यासमोर कोणी मांडलेलाच नसतो. म्हणून ‘सगळ्यांच्या ड्यूट्यांची बेरीज किमान ४२’ अशी वरकरणी फालतू अट जोडा, अशक्यता झटकन कळते. तसंच, तीन राशी आणि दोनच किमती असतील, तर ‘ही त्याहून वेगळी’ अशा तीन जोड्या लिहून तोवर काही कळत नाही जोवर एखादी किंमत ठरवून बघत नाही. ‘सगळ्या वेगळ्या’ असं सांगणारी ‘ऑल डिफरंट’ ही एकच अट लिहिली की जमणार नाही हे सॉल्व्हरला आधीच दिसू शकतं.

खऱ्या कामात मात्र ‘अशक्य’ हे उत्तर कोणाला नको असतं, तक्ता तर लावायचाच असतो. म्हणून प्रत्येक पाळीला ‘तूट’ नावाची राशी द्या: हजर माणसं अधिक तूट किमान २. एकूण तूट कमीत कमी ठेवायला सांगा. आता उत्तरात तूट किमान २ येते आणि ती कोणत्या पाळीत आहे ते दिसतं. तिथे कोणाला जादा बोलवायचं ते माणसाने ठरवावं. आठही माणसं एकसारखी असतील तर नावांची अदलाबदल करून एकच तक्ता जास्तीत जास्त ४०,३२० प्रकारे लिहिता येतो आणि सॉल्व्हर ते सगळे तपासत बसू शकतो. त्यांच्या ओळींना कोशातल्यासारखा क्रम लावायची अट घातली की हा फापटपसारा आटतो.

मोठ्या तक्त्यांना वेळेची मर्यादा घालावीच लागते, समजा ५ मिनिटं. अशा वेळी मिनिझिंकच्या छापलेल्या उत्तराचा शेवट बघायचा. प्रत्येक उत्तराखाली दहा डॅश येतात. यापेक्षा चांगलं उत्तर नाही हे सिद्ध झालं असेल तरच सगळ्यात खाली दहा ‘बरोबर’ची चिन्हं येतात. ती नसतील, तर तुमच्या हातात आहे तो ५ मिनिटांत सापडलेला सर्वांत बरा तक्ता. भिंतीवर तो लावायला हरकत नाही, फक्त ‘यापेक्षा कमी तूट शक्यच नाही’ असं त्याखाली लिहू नका.