थडग्यावरचा खडा

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यू माणूस कबरीवर जातो तेव्हा त्याच्या हातात बहुधा फुलं नसतात. निघताना तो जवळचा एखादा खडा उचलतो आणि थडग्यावर ठेवतो. एवढंच. यरुशलेमला सियोन डोंगरावर ऑस्कर शिंडलरची कबर आहे. शिंडलर ज्यू नव्हता, दफनभूमीही कॅथलिकांची. पण नाझींच्या हातून त्यानं हजाराहून अधिक ज्यूंना वाचवलं, म्हणून त्याच्या शिळेवर खड्यांचा थर साचलेला असतो. खडाच का, याची उत्तरं अनेक देतात. मला सरळ वाटतं ते असं, की कुणीतरी येऊन गेलं हे मागाहून येणाऱ्याला कळावं.

यातला साधेपणा मुद्दाम जपलेला आहे बरं का. एके काळी मयताचा खर्च इतका वाढला, की घरच्यांना मृत्यूपेक्षा तोच जड जाई. काही जण तर प्रेत तिथंच टाकून पळ काढत, असं तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या मानाच्या धर्मगुरूंनी स्वतःला साध्या लिननमध्येच पुरायला लावलं. लोकांनी तोच कित्ता गिरवला. आजही गरीब असो वा श्रीमंत, कफन सारखंच पांढरं, आणि त्याला खिसा नाही. तेराव्याच्या जेवणावळीसाठी कर्ज काढलेली घरं आपण पाहिलेली आहेत, तेव्हा अधिक सांगायला नको.

वर्षश्राद्धासारखा त्यांचाही स्मरणदिन तिथीनंच येतो. महिने चांद्र, आणि १९ वर्षांत ७ अधिक महिने! फक्त दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून दिवा संध्याकाळी लावतात आणि तो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तेवतो. मग कद्दिश म्हणतात. गेलेल्यासाठीच्या या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही, नुसती देवाची स्तुती. तीही एकट्यानं म्हणायची नाही, दहा जण जमावे लागतात.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर अलिबागजवळच्या नवगावला जा. गलबत फुटलं, सात जोडपी तगली, बाकीच्यांना इथं पुरलं, असं आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आपण ज्यांना शनिवार तेली म्हणतो ते, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. तिथल्या मृतांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. जाल तेव्हा शनिवार टाळा. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कबरीवर जायची रीत नाही. आणि बाहेर पडल्यावर हात धुवा. ते पुसत नाहीत, वाऱ्यावरच वाळू देतात.