बुडीत कोणाच्या खाती?

(चिपळूण येथे लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारच्या पाठबळावर चालणारा निर्यात-पतपुरवठा हा विषय कोकणाला नवा आहे, असे मला बोलावताना सांगण्यात आले. मला तसे वाटत नाही. आपली वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे, दाभोळच्या समोर अंजनवेलला जो वीजप्रकल्प आहे, तो ह्याच पतपुरवठ्याच्या जोरावर उभा राहिला. फक्त तेव्हा निर्यातदार अमेरिकेचे होते आणि गिऱ्हाईक आपण होतो.

हा प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीचे राजकारण तुम्हाला तोंडपाठ आहे, त्यात मी शिरत नाही. पैशाची बाजू तेवढी बघू. अमेरिकन कंपनीची टर्बाइन्स इथे विकली जावीत म्हणून अमेरिकेच्या एक्झिम, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँकेने सुमारे 30 कोटी डॉलरचे कर्ज दिले. ओपिक ह्या तिथल्याच सरकारी संस्थेने राजकीय जोखमीचा विमा उतरवला. इकडे वीज मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने हात वर केले तर केंद्राची प्रतिहमी. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. मग विमा देणारे, कर्ज देणारे, दोन देशांची सरकारे आणि आपल्या बँका ह्यांची बुडीत कोणी सोसायची यावर जी भांडणे लागली ती मिटायला 2005 उजाडले.

हमीने जोखीम नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या वहीत जाते. आज निर्यातदाराच्या खुर्चीत आपण बसणार आहोत, तेव्हा ती कोणाच्या वहीत जाते हे बारकाईने वाचायचे आहे.

आता सौर, पवन, बायोगॅस, सांडपाणी शुद्धीकरण ह्या धंद्यांना वेगळा पतपुरवठा का लागतो? कोळशाच्या वीजकेंद्रात निम्मा खर्च पुढे इंधनावर होत राहतो. सूर्याचे आणि वाऱ्याचे बिल येत नाही. पण सगळी रक्कम पहिल्या दिवशी मोजावी लागते आणि परतावा वीस-पंचवीस वर्षे थेंबाथेंबाने येतो. म्हणून अशा यंत्राचा खरेदीदार किंमत विचारण्याआधी मुदत विचारतो. श्रीमंत देशांनी निर्यात-कर्जाच्या अटींबाबत आपसात 1978 पासून एक करार ठेवला आहे. त्यात नवीकरणीय ऊर्जेला आधी 18 वर्षांपर्यंतची मुदत दिली गेली आणि 2023 मध्ये ती 22 वर्षांपर्यंत नेली. भारत त्या करारात नाही, पण आपले स्पर्धक त्यात आहेत.

स्वस्त आणि लांब मुदतीचे कर्ज माल कसा विकते ते आपल्याच देशात पाहा. 2011-12 च्या सुमारास राजस्थानातल्या सौर प्रकल्पांना अमेरिकेच्या एक्झिम बँकेने कर्जे दिली; अट सरळ होती, पॅनेल अमेरिकेचे. आपले सौर सेल बनवणारे कारखाने तेव्हा मागणीअभावी बसून होते. आपण देशी मालाची सक्ती केली तर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि 2016 मध्ये आपण तो हरलो. ह्यात मला अन्याय दिसतो. पण तक्रारीपेक्षा त्यांची रीत शिकून घेणे जास्त फायद्याचे.

डेन्मार्कने हे सर्वांत नीट केले. केनियातल्या तुर्काना सरोवराकाठी 365 पवनचक्क्यांचा 310 मेगावॅटचा प्रकल्प आहे. चक्क्या डॅनिश, आणि कर्जामागे डॅनिश निर्यात-संस्थेची हमी. गंमत अशी की 2017 मध्ये चक्क्या उभ्या राहिल्या, पण वीज वाहून नेणारी लाईनच तयार नव्हती. तिचा ठेकेदार दिवाळखोरीत गेला. 2018 च्या सप्टेंबरपर्यंत वारा फुकट गेला. जोखीम नेहमी खरेदीदाराकडूनच येते असे नाही, हे त्यातून घ्यायचे.

आता आपल्या घरची व्यवस्था. दोन नावे लक्षात ठेवा, बाकीची गरजेप्रमाणे. एक ईसीजीसी, 1957 ची, केंद्र सरकारची निर्यात-विमा कंपनी. दुसरी भारताची एक्झिम बँक, 1981 च्या कायद्याने झालेली. इरेडाचे नाव मघाशी कोणी घेतले. ती देशातल्या नवीकरणीय प्रकल्पांना कर्ज देते, तुमचे निर्यातीचे बिल तिच्याकडे नेण्यात अर्थ नाही. व्याजातली सवलत देणारी जुनी योजना 31 डिसेंबर 2024 ला संपली. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 25,060 कोटींचे निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केले आहे, त्यात लहान उद्योगांना व्यापारी कर्ज सुकर करण्याचा भाग आहे. त्याची परिपत्रके बँकेत विचारत राहा.

ऑर्डर हातात आली की तुम्ही बँकेत पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल तयार करून पाठवण्यासाठीचे कर्ज मागता. आंबा आणि मासळी पाठवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. बँक विचारते, तारण काय? इथे आपली खरी अडचण सुरू होते. देशावरचा माणूस एका नावाचा सातबारा टाकतो. आपल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत, दोन वारलेली आणि त्यांचे वारस लागायचे राहिलेले. बाग लाखमोलाची आणि बँकेच्या दृष्टीने शून्य. म्हणून कोकणात हमीचे महत्त्व इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे, हे मी वरच्या लोकांनाही सांगत आलो आहे.

ईसीजीसी बँकांना विमा देते. 2022 मध्ये लहान निर्यातदारांच्या बाबतीत, 20 कोटींपर्यंतच्या कर्जमर्यादेत, हे संरक्षण 90 टक्क्यांपर्यंत वाढवले गेले. पण नीट ऐका, हा विमा बँकेचा आहे. तुमचे कर्ज थकले तर ईसीजीसी बँकेला पैसे देते आणि वसुली तुमच्याकडूनच चालू राहते. “ईसीजीसी आहे ना, मग काय!” असे म्हणणाऱ्या अनेकांना हा फरक नोटीस हातात पडल्यावर कळला आहे. तुमचा स्वतःचा विमा म्हणजे वेगळी पॉलिसी. खरेदीदार दिवाळखोर झाला, मुदत उलटूनही पैसे देत नाही, त्याच्या देशात युद्ध झाले, परकीय चलन बाहेर पाठवायला बंदी आली, अशासाठी ती. माल चढवण्याआधी त्या खरेदीदारासाठी उधारीची मर्यादा मंजूर करून घ्यायची, निर्यातीची विवरणे वेळेवर द्यायची, थकबाकी लपवायची नाही. ह्यातले एक चुकले की क्लेम लटकतो.

ह्या पॉलिसीतले एक कलम पर्यावरण-यंत्रे विकणाऱ्याने दोनदा वाचावे. मालाच्या दर्जावरून खरेदीदाराने वाद काढला, तर तुम्ही त्याच्या देशातल्या न्यायालयातून आपल्या बाजूने निकाल आणल्याशिवाय विमा मिळत नाही. काजूगर विकणाऱ्याला हे कलम फारसे जाचत नाही. नमुना दाखवला, माल जुळला, संपले. पण समजा, आपल्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कोणी केनियाच्या एका कारखान्याला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट विकला. 30 टक्के आगाऊ, 60 टक्के कागदपत्रांवर, आणि शेवटचे 10 टक्के चाचणी यशस्वी झाल्यावर. करारात लिहिले की बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, 30 च्या आत असेल. चाचणीत आला 55. खरेदीदार म्हणतो, प्लांट खराब. तुम्ही म्हणता, येणारे पाणीच करारात सांगितल्यापेक्षा दुप्पट जड आहे. कोण खरे? इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की हा वाद किती लांबतो. दाभोळ खाडीच्या पाण्यावरून मच्छीमार आणि कारखाने किती वर्षे भांडताहेत, तेही एकाच भाषेत आणि एकाच जिल्ह्यात! नैरोबीच्या कोर्टात तुमचा वकील कोण?

म्हणून विम्याचा अर्ज भरण्याआधी करार दुरुस्त करा. येणाऱ्या पाण्याचे गुणधर्म आकड्यांत लिहा, नुसते ‘कारखान्याचे सांडपाणी’ असे नको. तपासणी कोणती तिसरी प्रयोगशाळा करणार ते आधीच ठरवा. यंत्र पोचल्यापासून ठरावीक दिवसांत खरेदीदाराने चाचणी घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाईल, हे वाक्य घाला. कारण वीजजोडणी आली नाही म्हणून चाचणी सहा महिने लांबवणारे खूप. आणि यंत्राचा पुरवठा व जागेवरची उभारणी ह्यांची बिले वेगळी ठेवा, म्हणजे उभारणीचा वाद पुरवठ्याच्या पैशाला चिकटत नाही. हे सगळे पहिल्याच मसुद्यात मागायचे असते. ऑर्डर हातची जाईल या भीतीने आपण गप्प बसतो.

दुसरा दरवाजा एक्झिम बँकेच्या पतरेषेचा. भारत सरकारच्या पाठबळावर बँक परदेशी सरकारला कर्ज देते आणि त्यातला साधारण 75 टक्के माल-सेवा भारतातून घेणे बंधनकारक असते. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीच्या परिषदेत भारताने 15 देशांतल्या 27 सौर प्रकल्पांसाठी सुमारे 140 कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. नायजरमधला मालबाझाचा 7 मेगावॅटचा सौर प्रकल्प अशाच पतरेषेतून उभा राहिला. ह्यातली मेख निर्यातदाराच्या फायद्याची आहे: तुम्ही माल पाठवला, कागदपत्रे बरोबर असली, की एक्झिम बँक तुम्हाला पैसे देते, परदेशी सरकारने कर्ज बुडवले तर तुमच्याकडे कोणी परत मागायला येत नाही. अंजनवेलचा व्यवहार उलट्या बाजूने तुमच्या हाती!

फक्त ही ऑर्डर थेट तुम्हाला मिळणार नाही, मुंबई-पुण्याच्या बड्या कंत्राटदाराला मिळणार. तुम्ही त्याला टाक्या, पंप बसवलेले तयार सांगाडे (स्किड), सौर दिव्यांचे खांब, पॅनेल बसवायचे सांगाडे पुरवणार. एक्झिम बँकेकडून त्याचे पैसे आले, तुमचे नाहीत, हे चित्र मी पुष्कळ पाहिले आहे. तेव्हा खरेदी-आदेशात लिहून घ्या की त्याला मिळाल्यापासून इतक्या दिवसांत तुम्हाला मिळतील, आणि शिपिंग बिलाची, म्हणजे माल निर्यात झाल्याच्या कस्टम्सच्या कागदाची, प्रत मागा. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराला 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची मर्यादा दिलेली आहे. एप्रिल 2024 पासून मुदत उलटूनही 31 मार्चपर्यंत न दिलेले पैसे कंत्राटदाराला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. मार्च जवळ आला की ह्या तरतुदीची आठवण त्याच्या हिशेबनिसाला एका ओळीच्या पत्राने करून द्या. मालकाला फोन करण्यापेक्षा ते लवकर लागू पडते.