तिकीट क्लोज झालं, पण प्रश्न?

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, पुढे शिकू का जॉब घेऊ? मी म्हणते, आधी सांगा, मास्टर्स का पीएचडी? कारण या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मास्टर्स म्हणजे वर्ष-दोन वर्षं, कोर्सेस, आणि बहुतेक वेळा फी आपल्याच खिशातून. पीएचडीला बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड असतो, पण चार-पाच वर्षं, कधी जास्तच, आणि ज्याचं उत्तर अजून कोणाकडेच नाही असा प्रश्न शोधायचाही तुम्हीच.

माझ्या पहिल्या जॉबमध्ये आमचा एक सर्व्हर रोज पहाटे स्लो व्हायचा, मेमरी चढतच जायची, मग कोणीतरी रात्री तीनला रीस्टार्ट करणारा क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, लावला, तिकीट (तक्रारीची नोंद) क्लोज, सगळे खूश. त्यात चूक काहीच नव्हती, युजरचं काम अडत नव्हतं. मला मात्र चैन पडेना, घरी जायची वेळ टळून गेली तरी हीप डंप, म्हणजे मेमरीत काय काय भरलंय त्याची फाइल, उघडून बसायचे, शेवटी सापडलं की एका कॅशमधल्या (पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवायच्या जागेतल्या) जुन्या एंट्रीज कधी निघतच नव्हत्या. हे काही रिसर्च नव्हे, पण ही हुरहुर रिसर्चमध्ये रोज लागते. शेजारच्या सहकाऱ्याने तेवढ्या दिवसांत दोन फीचर्स लाइव्ह केली आणि लोक ती वापरताना बघून तो इतका खूश होता की काय सांगू. त्याची जागा जॉबमध्येच होती.

आणि रिसर्च फक्त युनिव्हर्सिटीतच होतं असंही नाही हं. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या अॅलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने गेमिंगच्या दोन ग्राफिक्स कार्डांवर पाच-सहा दिवस न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं आणि त्याच्या टीमने फोटोत काय आहे ते कॉम्प्युटरने ओळखायची इमेजनेट स्पर्धा जिंकली. पण २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आजच्या एआय चॅटबॉट्सच्या मुळाशी असलेली नेटवर्कची रचना, आला तो गूगल कंपनीतून.

तुमचं अजून ठरत नसेल तर जॉब घ्या, बिनधास्त घ्या, फक्त ज्या प्रोफेसरांकडे प्रोजेक्ट केलाय त्यांना अधूनमधून मेल टाकत राहा, तीन वर्षांनी शिफारसपत्र मागायला गेलात तर त्यांना तुमचं काम आठवायला हवं. आणि पीएचडीलाच जाणार असाल तर कॉलेजच्या नावाआधी गाइड बघा. त्यांच्या हाताखालच्या मुलांना एकटं गाठा आणि विचारा, किती वर्षं लागतात, मधेच कोण सोडून गेलं, का गेलं.