चुकारा, उधारी आणि तालुक्याची पेठ

तालुक्याच्या गावातील पेठ ओस पडत चालली आहे असा विषय निघाला की सर्वांचे बोट मोबाइलकडे जाते. ते चुकीचे नाही; परंतु विदर्भातील दारव्हा, आर्वी, कारंजा, अकोट अशा गावांतील पेठा मुळात कशावर उभ्या होत्या, हे पाहिल्याशिवाय त्या का खचत आहेत हे कळणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या कापसाच्या चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाच्या हाती येणाऱ्या पैशांवर, उभ्या होत्या.

शेतकरी कापसाची बंडी (बैलगाडी) घेऊन जिनात, म्हणजे सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, किंवा बाजार समितीच्या आवारात येई. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाली. त्या काळी चुकारा हप्त्यांनी निघे आणि पेठेतील उधारीही त्याच हप्त्यांनी फिटत असे. माझ्या वडिलांचे कापडाचे दुकान होते, आणि ‘चुकारा निघाला काय?’ हा प्रश्न आमच्या घरी जेवायला बसताना विचारला जाई. पैसे हाती आले की शेतकरी एसटी स्टँडकडे निघे आणि वाटेत पेठ लागे. किराण्याची बाकी, पोळ्याला नेलेल्या झुली-वेसणींचे राहिलेले पैसे, लेकीचे लुगडे, सारे त्या एका फेरीत होई. आवारापासून स्टँडपर्यंतची ती पायवाट होती, आणि अख्खी पेठ त्या पायवाटेवर जगत होती.

आज चुकारा बँकेच्या खात्यात जमा होतो, कापूस भाड्याच्या मालवाहू गाडीतून येतो आणि तीच गाडी शेतकऱ्याला घेऊन परस्पर गावी परतते. २०२१च्या अखेरीस, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना एसटीचा संप सुरू झाला आणि तो पाच महिन्यांहून अधिक चालला. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या. पण तालुक्याला न येता भागवण्याची जी सवय त्या महिन्यांत अनेकांना लागली, ती काही सुटली नाही.

मग प्रश्न येतो, पेठेतून नेमके कोण गेले? सगळे गेले असते तर दुकानदाराला निर्णय घेणे सोपे झाले असते. गेले ते रोखीचे गिऱ्हाईक. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतील कारकून ही महिन्याच्या पगाराची माणसे २०१६नंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर, घरबसल्या वस्तू मागवू लागली. ज्यांच्याकडे लग्न निघते ते बस्त्यासाठी गाडी करून अमरावतीला, नांदगाव पेठेजवळच्या ठोक कापड बाजारात जातात. मागे राहिले ते उधारीचे गिऱ्हाईक, कारण ‘कापूस निघाल्यावर देतो’ या शब्दावर माल देणारा आजही पेठेतलाच दुकानदार आहे. पूर्वी रोखीच्या विक्रीतून उधारीचा भार सोसला जाई. आता केवळ भार उरला आहे.

इंग्लंडातही मुख्य रस्त्यावरची दुकाने मावळत आहेत. तेथे वूलवर्थ्स या दुकानसाखळीची आठशेहून अधिक दुकाने जानेवारी २००९पर्यंत बंद झाली. तिकडे जागेच्या भाडेमूल्यावर आकारला जाणारा कर लहान दुकानदाराला जड जातो, आणि दुकान न चालल्यास शटर पडते. आपल्याकडे जागा बहुधा घरची किंवा जुन्या भाड्याची असते, गल्ल्यावर मुलगा किंवा सून बसते आणि त्यांचा पगार कोणी धरत नाही. त्यामुळे शटर रोज उघडते, दिवाळीला वहीपूजनही होते, आणि आतील माल मात्र दरसाल थोडा थोडा कमी होत जातो. ही पडझड रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून तिची दखलही घेतली जात नाही.

करप्रणालीविषयी थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. लहान व्यापाऱ्यासाठी त्यात कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय, आहे. तिच्यात हिशेब सोपा राहतो, पण परराज्यात माल विकता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. ‘तुम्हीही ऑनलाइन विका’ असा सल्ला आपल्याला सभांमधून फार उदारपणे दिला जातो. परंतु या योजनेतील दुकानदाराला ऑनलाइन बाजारमंचावर माल विकण्याची मुभाच ऑक्टोबर २०२३पासून मिळाली, आणि तीही राज्यापुरती.

माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. वितरकाला पैसे काही दिवसांत हवे असतात, कर्जाचा हप्ता महिन्याला जातो, आणि उधारी वसूल होते वर्षातून एकदा, तेही पाऊस, बोंडअळी व भाव यांनी साथ दिली तर. त्यातच ही उधारी कोणत्याही बँकेच्या लेखी भांडवल ठरत नाही, कारण ती वहीत असते आणि शब्दावर असते. लहान उद्योग-व्यवसायांसाठीच्या केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळते हे खरे, पण त्याची परतफेड साधारणपणे मासिक हप्त्यांनीच करावी लागते. शेतकऱ्याच्या पीककर्जाची मुदत हंगाम पाहून ठरवली जाते. त्याच हंगामावर ज्याचा गल्ला भरतो त्या दुकानदाराचे हप्तेही डिसेंबर ते मार्च या काळात का घेऊ नयेत, हा प्रश्न आपल्या व्यापारी संघांनी बँकांपुढे लेखी मांडावा, आणि सोबत प्रत्येक दुकानाच्या मागील पाच वर्षांच्या उधारीचा व वसुलीचा महिनावार तक्ता जोडावा. तो तक्ता आपल्या वह्यांत आहेच. फक्त अजून कोणी तो उतरवून काढलेला नाही.