उणे तीस अंशांतही न गोठणारी अळी

नमस्कार. पडद्यावर दिसते आहे ती ॲश झाडाची सोललेली साल. सालीखालच्या नागमोडी बोगद्यांच्या टोकाशी, लाकडातल्या इवल्याशा कोनाड्यात, एक फिकट पांढरी अळी दुमडून पडली आहे. ही ‘एमराल्ड ॲश बोरर’ या हिरव्या, चकाकत्या भुंगेऱ्याची अळी. पूर्व आशियातला हा खोडकिडा २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात ओळखला गेला आणि तेव्हापासून त्याने उत्तर अमेरिकेतील कोट्यवधी ॲश झाडांचा बळी घेतला आहे.

तिथल्या हिवाळ्यात ही अळी मरत का नाही? पाणी शून्य अंशाला गोठतेच, असे आपण धरून चालतो. परंतु बर्फाचा पहिला स्फटिक धरायला सहसा एखादा कण लागतो, आणि तो मिळाला नाही तर पाणी शून्याखालीही द्रवच राहते. हिवाळ्याआधी ही अळी खाणे थांबवते आणि शरीरात ग्लिसरॉल साठवते, म्हणजे आपल्या घरातले ग्लिसरीनच. त्यामुळे तिच्या अंगातला द्रव सुमारे उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. एकदा गोठला, की मात्र ती मरतेच.

मग कडाक्याच्या थंडीची बातमी आली, की कीड संपेल अशी आशा धरावी का? मला ती आशा घाईची वाटते, कारण अळीला हवेचे नव्हे तर सालीखालचे तापमान सोसावे लागते आणि जाड खोडात ते हवेइतके झटकन खाली येत नाही. तिचा खरा घात भर हिवाळ्यातली ऊब करू शकते: चार उबदार दिवसांत तिची थंडी सोसण्याची ताकद ओसरते, आणि पुन्हा गारठा पडला तरी ती पुरती परत येत नाही.

आपल्या मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी याच्या अगदी उलट आहे. तिला सुप्तावस्था, म्हणजे वाढ थांबवून थंडी काढण्याची अवस्थाच, नाही. अमेरिकेत ती हिवाळा काढते फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण भागात, आणि दर उन्हाळ्यात तिचे पतंग वाऱ्यावर स्वार होऊन पार कॅनडापर्यंत पोहोचतात. भारतात ती २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. आपल्याकडच्या थंडीत तिची वाढ मंदावते, थांबत नाही. म्हणून रब्बीच्या मक्यातही पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडून भुशासारखी विष्ठा दिसते का, हे पाहावे लागते.