भिंत नसलेला तुरुंग आणि शांतारामबापूंचा डोळा

(दृश्य: आटपाडीजवळचा माळ. बाभळी, मेंढरं, लांबवर बैठी घरं.)

हा माणदेश. पावसाची वाट बघण्यात इथल्या कैक पिढ्या गेल्या. आता डाळिंबाच्या बागा दिसतात, तरी माळ अजून तसाच आहे, दगडाळ. समोर जी वस्ती दिसतेय ती स्वतंत्रपूर. वस्ती म्हणालो खरं, पण हा तुरुंग आहे. आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा औंध संस्थानात.

1939 साली हा तुरुंग उभा राहिला. कल्पना मॉरिस फ्रीडमनची. पोलंडमधून आलेला हा इंजिनिअर गांधीजींच्या नादी लागला आणि 'भारतानंद' झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याला होकार दिला. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांनी उघड्यावर राहायचं, शेती करायची, बायकापोरांना जवळ ठेवायचं. त्या काळात एखाद्या राजाने असल्या गोष्टीला हो म्हणावं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

(दृश्य: औंधचा डोंगर, यमाईच्या देवळाची वाट.)

याच मुलखातल्या शेटफळे गावी जन्मलेला एक मुलगा औंधच्या शाळेत शिकला. पुढे महाराष्ट्र त्याला गदिमा म्हणू लागला. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून माडगूळकरांनी कथा लिहिली आणि ती व्ही. शांताराम यांच्या हाती पडली.

(दृश्य: जुना कॅमेरा. हळूहळू लेन्सवर.)

शांतारामबापू शेजारच्या कोल्हापूरचे, जन्म 1901 चा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले. 1929 मध्ये चार भागीदारांबरोबर 'प्रभात' काढली. 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरवून प्रिंट काढायला थेट जर्मनीला गेले. रंग काही जमले नाहीत. पैसा गेला, हौस मात्र शिल्लक राहिली.

लगेच 1934 मध्ये 'अमृतमंथन' आला. त्यात राजगुरूचा, म्हणजे राजाच्या धर्मगुरूचा, डोळा सगळा पडदा व्यापून टाकतो. त्यासाठी टेलिफोटो लेन्स वापरली. लांबचं जवळ आणणारी ही लेन्स फार नाजूक कारभार असतो. फोकस अगदी चिंचोळा, नट जरा डुलला की चित्र धूसर. म्हणजे नटाने श्वासही बेतानं घ्यायचा, आणि तशातही नजरेत जरब हवी! आज मोबाइलवर दोन बोटं फाकवून आपण झूम करतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तीन वर्षांनी 'कुंकू'. यात पार्श्वसंगीत नाहीच. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज, तेवढंच. नवीन यंत्र आणण्यापेक्षा हातातली गोष्ट सोडून देणं अवघड असतं, म्हणून मला 'कुंकू' जास्त धाडसी वाटतो.

(दृश्य: पडदा आधी रंगीत, मग कृष्णधवल.)

1955 साली 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये झळकला आणि तुफान चालला. आता मागे कशाला वळायचं? पण दोन वर्षांनी स्वतंत्रपूरच्या त्या कथेवरचा 'दो आँखें बारह हाथ' आला तो कृष्णधवल. बरंच झालं. उजाड माळाला ऊन आणि सावली पुरते.

सहा खुनी म्हणजे बारा हात. त्यांच्यावर पाळत दोनच डोळ्यांची, जेलर आदिनाथची. ती भूमिका बापूंनी स्वतः केली. कैदी पडीक जमीन कसतात, भाजी बाजारात स्वस्त विकतात आणि व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं. आपल्याकडचा बाजार ज्याने बघितलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सिनेमा राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकापर्यंत आणि बर्लिनच्या महोत्सवापर्यंत पोचला. त्यातली प्रार्थना तर आमच्या शाळेत रोज सकाळी व्हायची. ती कैद्यांची प्रार्थना आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

(दृश्य: काळा पडदा. फक्त बैलाचा फुत्कार.)

शेवटी आदिनाथ बैलाशी झुंजतो. बापूंनी ती झुंज स्वतः दिली आणि डोळ्यांना जबर इजा झाली. पट्टी बांधून पडून राहावं लागलं. दृष्टी परत येईल की नाही, याचाच घोर होता.

त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले.

(दृश्य: काळ्या पडद्यावर एकेक रंग उमलतो.)

दृष्टी परत आली. 1959 मध्ये 'नवरंग' आला. त्याच्या सुरुवातीलाच बापू प्रेक्षकांना ही हकीकत सांगतात, आणि मग पडद्यावर रंगांची पंचमी सुरू होते.